मंगल कार्यालयातलं कराटे

आमच्या कराटेच्या सरांचं दारव्ह्यात मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझी स्कूटी तिथेच जाते. त्यामुळे त्या एका माणसाशी माझं दोन प्रकारचं वागणं होतं. दुपारी दुकानात मी गिऱ्हाईक आणि ते मिस्त्री. "ताई, ब्रेक घासले, बदलवा लागते," असं ते म्हणायचे आणि मी "मागच्याच महिन्यात तर बदलवले," म्हणून त्यांच्यावर डोळे वटारायची. संध्याकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर मी विद्यार्थिनी आणि ते सर. तिथे ते "ताई, कंबर खाली, अजून खाली" म्हणायचे आणि मी निमूट खाली जायची. वर यायला मला किती वेळ लागतो हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. तेवढ्यात पोरं बाटलीतलं पाणी पिऊन घ्यायची.

मी पोस्टात काउंटरवर बसते. बसून बसून पाठ लाकडासारखी झाली, तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पण दारव्ह्यात पोस्टातल्या बाईने फिरायला निघणं म्हणजे फिरतं काउंटर उघडणं. पहिल्याच दिवशी चौकात एकाने मला थांबवून त्याच्या आत्याच्या पेन्शनची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी एका बाईने हरवलेल्या राखीच्या पाकिटाबद्दल मला फैलावर घेतलं. राखीपौर्णिमा होऊन नऊ महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी मी शाळेच्या मैदानात शिरले. तिथे पांढरे कपडे घातलेली वीसपंचवीस पोरं एका सुरात ओरडत होती आणि माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मला ती जागा आवडली.

घरी सांगितलं तेव्हा आमचे हे जेवत होते. ते एसटीत कंडक्टर आहेत, त्यामुळे कुठल्याही गोष्टीने चकित होत नाहीत. ते म्हणाले, "सत्तेचाळीस वर्षं पुरे झाले तुले. आता कोणाले मारणार आहे?" मी म्हटलं, "अजून ठरवलं नाही." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि थोडे दूर सरकून बसले.

वर्गात रांग बेल्टच्या रंगाप्रमाणे लागायची. माझा पांढरा, म्हणून मी सगळ्यात शेवटी. माझ्या पुढे तिसरीतली एक मुलगी होती, तिचा पिवळा. ती मागे वळून माझ्या मुठीचा अंगठा नीट करायची आणि "असा ठेवला तर तुटते," असं शिक्षिकेच्या आवाजात सांगायची. पोस्टात मी कुठल्या गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नाही, पण तिचं ऐकायची.

सरांनी मला पहिले चार महिने फक्त पडायला शिकवलं. मागे पडायचं, बाजूला पडायचं, गोल होऊन पडायचं. हनुवटी आधी छातीला लावायची म्हणजे डोकं आपटत नाही, आणि हाताचा सपाट फटका जमिनीवर द्यायचा. "मारणं पोट्टेही मारते ताई," ते म्हणायचे. "पडणं शिकवा लागते." ते स्वतः इतकं देखणं पडायचे की पडणं ही काही कमीपणाची गोष्ट आहे असं वाटायचंच नाही. मी पडले की मात्र मॅटखालची धूळ चारी बाजूंनी निघायची.

सर पस्तिशीचे असतील. अंगाने किडकिडीत, बोलायला मऊ. त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, ते यांनी मोटारसायकलीचं केलं. यवतमाळला त्यांचे एक उस्ताद होते. सर तरुणपणी आठवड्यातून तीनदा बसने त्यांच्याकडे शिकायला जायचे. उस्ताद वारले. आणि त्या उस्तादांचे जे गुरू, ते मोठे मास्तर, लांबच्या शहरात राहणारे. त्यांना सरांनी कधी पाहिलेलं नव्हतं, पण त्यांचा फोटो दुकानात हवा भरायच्या मशीनवर टांगला होता. फोटोत ते हवेत होते आणि एक पाय पार डोक्याच्या वर. दुकानात प्रत्येक वस्तूला ऑइलचा हात लागलेला असे, पण त्या फोटोची काच दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी पुसली जायची.

हे मोठे मास्तर यवतमाळला एक दिवसाचं शिबिर घेणार, असा मेसेज आला. सरांनी तो मला दुकानात दाखवला. बोटाचं ऑइल स्क्रीनला लागू नये म्हणून त्यांनी फोन कोपराने सरकवला.

"ताई, तुम्हाले याच लागते," ते म्हणाले. "पोट्ट्यांची चाचणी परीक्षा आहे, एकही येऊन नाही राह्यला. मी एकटा गेलो तर काय दिसल? म्हणतील, दारव्ह्यात याच्याजवळ कोणी शिकतच नाही."

"सर, मले पाहून तर पक्कं तसंच म्हणतील."

"तुम्ही मागे उभ्या राहा," ते म्हणाले.

आणि मी निघाले म्हणून माझ्या मोठ्या जाऊबाईही निघाल्या. त्या खेड्यावर राहतात. कापूस, सोयाबीन, तुरी असं सगळं त्यांचं शेत त्याच बघतात, भाऊजी फक्त सह्या करतात. त्यांचा नवा चष्मा यवतमाळला तयार होऊन पडला होता. "तुमचं ते मारामारीचं पाहतो, चष्मा घेतो, वापस येतो," त्या म्हणाल्या. "जेवण आहे न तिथं?" मी सरांना विचारलं. सर म्हणाले, आहे. मग जाऊबाईंनी दुसरा काही प्रश्न विचारला नाही.

पितृपक्ष चालू होता. लग्नं बंद, म्हणून आयोजकांना एक मोठं मंगल कार्यालय मिळालं होतं. आम्ही आधी चष्मा घेतला आणि तिथे पोचलो. स्टेजवर नवरा-नवरीचा लाल मखमलीचा सोनेरी पायांचा सोफा तसाच होता. मागच्या भिंतीवर कायमचं "शुभविवाह" लिहिलेलं, त्याच्यावर शिबिराचं बॅनर लावलं होतं, पण ते आखूड पडलं होतं आणि एका टोकाने "वाह" तेवढं दिसत होतं. जाऊबाईंनी नव्या चष्म्यातून ते मोठ्याने वाचलं आणि बाजूच्या भिंतीजवळ पंख्याखालची खुर्ची धरली.

हॉलमध्ये साठसत्तर लोक असतील. बहुतेक जवान पोरं, काही पोलीस भरतीची तयारी करणारी, काही पांढरकवड्याहून ट्रकने आलेली. माझ्या वयाचा एकच माणूस होता आणि तो केटररचा आचारी निघाला. मी ड्रेस घालून बाहेर आले तेव्हा एकाने मला विचारलं, "मावशी, चाय कुठं आहे?" मी पांढरा बेल्ट घट्ट केला आणि म्हटलं, "मले माहीत असती तर मी इथं राहिली असती का?"

मोठे मास्तर पाऊण तासाने आले. ते फोटोतल्यापेक्षा बरेच जमिनीवर होते. पोट सुटलेलं, केस काळेभोर रंगवलेले, कमरेला लाल-पांढरा बेल्ट. आयोजक माईकवरून त्यांची पदं सांगत होता, ती संपेपर्यंत मास्तर मखमली सोफ्यावर बसून राहिले. जागा दोघांची, बसलेले एकटे. "नवरी कुठं आहे?" जाऊबाईंनी मला हळूच विचारलं. त्यांचं हळूच म्हणजे तीन रांगा.

पण एक सांगितलं पाहिजे. सकाळचे दोन तास त्या माणसाने उत्तम शिकवलं. सगळ्यांना रांगेत उभं करून मुठी मारायला लावल्या आणि स्वतः एकेकाजवळ फिरले. माझ्याजवळ थांबले, माझ्या कोपराला दोन बोटं लावली आणि हिंदीत म्हणाले, "इसको बाहर मत जाने दो बेटी, पसली को घिसना चाहिए." मी तसं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी मूठ सरळ गेली. ड्रेसच्या बाहीचा फट्ट आवाज आला. सर बाजूच्या रांगेत होते. त्यांनी तो आवाज ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे हसले. बेटी म्हणाले म्हणूनही मला बरं वाटलं असेल. फार दिवसांत कोणी म्हटलं नव्हतं.

दुपारी वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या आणि बुंदी होती. जाऊबाईंनी वांग्याला पास केलं. बुंदीत पाक कमी म्हणून तिला सोडून दिलं.

जेवणानंतर सगळे सुस्त झाले, तेव्हा आयोजकाने माईक घेतला आणि आता गुरुजी आपली अंतर्गत शक्ती दाखवतील असं जाहीर केलं. मास्तर मॅटच्या मधोमध उभे राहिले. म्हणाले, हात लावून मारणं हे पहिलीतलं काम. मी तीस वर्षांपासून कोणाला हात लावत नाही. त्यांनी बरोबर आणलेल्या दोन चेल्यांना बोलावलं. पहिला धावत आला, मास्तरांनी तळहात पुढे केला, चेला हवेतच वाकडा झाला आणि दोन हात लांब जाऊन पडला. दुसरा त्याच्याहून लांब पडला. पडल्यावर तो थोडा थरथरलाही. पोरं मोबाइल काढून शूटिंग करू लागली.

"दारव्हा से कौन आया है?" मास्तरांनी विचारलं.

सर पुढे गेले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मास्तर म्हणाले, मेरे चेले का चेला, आजा, मार. सर धावले. आणि दोन हातांचं अंतर राहिलं असताना मागे पडले.

आता, त्या माणसाला मी रोज संध्याकाळी पडताना पाहत होते. त्यांचं पडणं मी माझ्या नवऱ्याच्या चालण्याइतकं ओळखते. मास्तरांचा हात वर जायच्या आधी सरांची हनुवटी छातीला लागली होती. मला ते दिसलं. पण दिसलं म्हणजे लगेच समजलं असं नाही. मी स्वतःला सांगितलं की शक्ती अशीच लागत असेल, आधीच. टाळ्या झाल्या. सर उठले, पुन्हा वाकले आणि जागेवर येऊन खाली बघत बसले.

"अब कोई बहनजी," मास्तर म्हणाले. "ताकत का सवाल नहीं है, औरत हो या मर्द." हॉलमध्ये पांढऱ्या ड्रेसमधली बाई मी एकटीच होते. मी उठले. माझी अगदी खरी तयारी होती, हे आधी सांगते. मला वाटत होतं की आता काहीतरी होईल. भीतीही वाटत होती, कारण सकाळी बीपीची गोळी घ्यायची राहिली होती.

मी धावले, म्हणजे माझ्या मानाने धावले. मास्तरांनी तळहात पुढे केला. मी पोचले त्यांच्याजवळ. त्यांच्या समोर उभी राहिले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"दोबारा," ते म्हणाले.

मी परत गेले, परत आले. या वेळी त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि तोंडाने हुं केलं. त्यांच्या श्वासाला बुंदीचा वास होता, तेवढा आला. बाकी काही नाही. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं.

"मन बंद है आपका," मास्तर म्हणाले. "खोलिए."

मी डोळे मिटले आणि मन उघडायचा प्रयत्न केला. ते कसं उघडतात मला माहीत नव्हतं, म्हणून मी पोस्टाचं शटर वर करतेय असं मनात आणलं. तिसऱ्यांदा गेले. काही नाही. मग मी त्यांना खरं तेच सांगितलं, मदत व्हावी म्हणून. म्हटलं, "सर, मले काहीच होऊन नाही राह्यलं."

पहिल्या रांगेतली पोरं हसली. मी सरांकडे पाहिलं. ते डोळ्यांनी मला खाली बघायला सांगत होते. जमीन दाखवत होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळं नीट उजाडलं, की इथे पडायचं असतं, आणि माझ्याशिवाय ते सगळ्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षं काउंटरवर बसूनही एवढी साधी रीत मला समजली नव्हती.

आणि समजल्यावर मात्र मला पडवेना. मी काही शूर नाही. साहेब म्हणाले तर मी नसलेला पंखाही चालू आहे म्हणते. पण तीन वेळा सगळ्यांसमोर खरंखरं धावून गेल्यावर चौथ्यांदा नाटक करायची लाज वाटली. मी उभी राहिले.

मास्तर पुढे आले. आता त्यांची पाठ लोकांकडे होती आणि मी त्यांच्या अंगाआड. त्यांनी हात वर केला आणि माझ्या डाव्या खांद्याखाली तळहाताने एक सणसणीत धक्का दिला. धक्का झकास होता. कमरेतून आलेला. मी मागे गेले, हनुवटी लावली, हाताचा फटका दिला आणि चार महिन्यांत पडले नव्हते इतकी सुरेख पडले. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तर लोकांकडे वळले आणि हात जोडले.

टाळ्या थांबल्या त्या क्षणी बाजूच्या पंख्याखालून जाऊबाईंचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. शेतात मजुरांना वेळ झाली म्हणून सांगतात, तशा बोलल्या.

"त्याहीनं ढकललं तिले."

आयोजक माईकवर म्हणाला, "काकू, बसून घ्या."

"मी बसलीच आहो. नवा चष्मा आहे माहा. समदं साफ दिसून राह्यलं."

हशा झाला. मास्तरांचा चेहरा लाल झाला, पण ते कसलेले होते. त्यांनी हसून मला हात देऊन उठवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बताइए बहनजी. मैंने आपको छुआ?"

सकाळी बेटी होते, आता बहनजी झाले होते. मी सरांकडे पाहिलं. सर स्वतःच्या पायाची नखं बघत होते. मला त्यांची दया आली आणि रागही आला. जे झालं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हो सर. धक्का दिला तुम्ही." आणि वाईट दिसू नये म्हणून पुढे म्हटलं, "चांगला दिला."

त्या शेवटच्या दोन शब्दांनी फारच बिघडलं. मी खरोखर तारीफ केली होती, पण हॉल फुटलाच. पांढरकवड्याची पोरं मॅटवर आडवी होऊन हसली, तीही शक्तीशिवाय. आयोजकाने चहा झाल्याचं जाहीर केलं. चहा अजून आलेला नव्हता.

नंतर प्रमाणपत्रं वाटली. मलाही मिळालं, त्यावर माझं आडनाव चुकवलं होतं. सरांना एक वेगळा कागद मिळायचा होता. तो असला म्हणजे त्यांना दारव्ह्यात बेल्टच्या परीक्षा घेता येत. आयोजक त्यांना म्हणाला, "तुमचं नंतर बघू." सरांनी मान हलवली. मास्तर सोफ्यावर बसून सगळ्यांसोबत फोटो काढत होते. सर त्या रांगेत उभे राहिले, अर्ध्यापर्यंत गेले आणि रांगेतून बाहेर आले.

परतीची बस निघून गेली होती. आम्ही जीपमध्ये बसलो, मधल्या सीटवर तिघं, जाऊबाई मधे. पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंनी माणसं होती आणि मागे तर माणसं आणि किराण्याची पोती यांतला फरक कळत नव्हता. यवतमाळ मागे पडलं. मग सर खिडकीकडे बघत म्हणाले, "ताई, तेवढं हो म्हणायची गरज नव्हती."

"मग काय म्हणू?"

"काहीच नाही. हसून द्यायचं. मोठा माणूस आहे."

"त्याहीनं विचारलं म्हणून सांगतलं. मी स्वतःहून गेलती का सांगाले?"

"माहा कागद गेला न."

जाऊबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि सरांकडे वळल्या. "तू काहून पडला रे बाप्पा? तुले तर त्यानं हातबी नाही लावला."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. एका फाट्यावर मागचे दोघं उतरले, जीप पुन्हा निघाली. तेव्हा ते बोलले.

"काकू, माहे उस्ताद गेले त्याच्या आधी मी भेटाले गेलतो. ते म्हणे, बडे मास्तर कभी बुलाए तो जाना, और मेरी गर्दन नीची मत करना. मी तेच धरून होतो. धावताना पाह्यलं, काहीच होऊन नाही राह्यलं. म्हटलं आता नाही पडलो तर उस्तादची मान खाली जाते. पडलो."

"मग झालं न. कायले तोंड पाडून बसला?"

"उस्ताद सांगत होते मले," सर म्हणाले, "की बडे मास्तरच्या समोर गेलो तर करंट लागला. अंगभर करंट. धा वेळा सांगत होते." त्यांनी ऑइलने काळी पडलेली स्वतःची बोटं चोळली. "मी बॅटरीचं काम करतो काकू. करंट मले माहीत आहे. तसं काहीच नव्हतं तिथं. म्हणजे तेही..."

जाऊबाईंनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि त्यांच्या ओंजळीत टाकल्या. त्या कोणाचंही दुःख असंच हाताळतात. सरांनी शेंगा खाल्ल्या नाहीत, दारव्हा येईपर्यंत तशाच हातात धरून होते.

मी दहा-बारा दिवस वर्गाला गेले नाही. घरी सगळं सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "माझ्या गाडीत रोज एवढे लोक उभ्यानं पडते. मी तं कधी टाळ्या घेतल्या नाही." मला हसू आलं, पण सरांच्या कागदाचं मनातून जाईना. स्कूटीचं टायर बसलं तरी मी दोन दिवस पायी गेले. तिसऱ्या दिवशी ढकलत दुकानात नेली. त्यांनी पंक्चर काढलं आणि फक्त एवढंच विचारलं, "वर्गात काहून येऊन नाही राह्यल्या?" मी म्हटलं, "येतो." हवा भरायच्या मशीनवरचा फोटो तेव्हा अजून होता. काच मात्र पुसलेली दिसली नाही.

त्या संध्याकाळी गेले. पोरं रांगेत उभी होती. सरांनी सराव सुरू करायच्या आधी सगळ्यांना खाली बसवलं. म्हणाले, यवतमाळच्या शिबिराचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला असेल, त्यात मी पडलो. कोणी पाडलं नाही, मी स्वतःच पडलो. ती माझी चूक. असं हात न लावता कोणी कोणाला पाडू शकत नाही, तुम्हाला कोणी सांगितलं तर मानू नका. मी सांगितलं तरी मानू नका. हे सगळं त्यांनी रेंचचे नंबर सांगावेत इतक्या सपाट आवाजात सांगितलं.

तिसरीतल्या मुलीने हात वर केला. "सर, मग तुम्ही कायले पडले?"

"घाबरलो होतो," सर म्हणाले.

तिने विचार केला आणि हात खाली घेतला. तिला ते पटलेलं दिसलं. मोठ्या पोरांना मात्र काय करावं कळेना, ती जमिनीवरचं गवत उपटत बसली. मला वाटलं सरांनी माझ्याकडे बघावं, पण त्यांनी "उठा, पळा, मैदानाचे पाच चक्कर" म्हटलं आणि स्वतः सगळ्यांत पुढे पळाले.

कोणा पोराने तेही बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते फिरत यवतमाळला पोचलं. दोन दिवसांत सरांना मोठ्या मास्तरांच्या संघटनेच्या ग्रुपमधून काढलं. मग पालक यायला लागले. "सर, आता सर्टिफिकेट कोणतं भेटल?" सर सांगायचे, माझंच भेटेल, माझ्या सहीचं. पालक त्यांच्या सहीची किंमत मनातल्या मनात करायचे आणि बरं म्हणून जायचे. महिनाभरात चोवीसची दहा पोरं राहिली. एका पालकाने तर यवतमाळहून दुसरा शिक्षक आणला आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला वर्ग काढला. त्याचं बॅनर चौकात लागलं. सर त्याच चौकातून गाडी ट्रायल मारायला नेतात. एकदा मी मागे बसले होते, त्यांनी बॅनरकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ब्रेक आता बरोबर लागून राह्यले न?"

मी त्यांना एकदा सरळ विचारलं की माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं असं वाटतं का. ते एका सायलेन्सरमध्ये डोकं घालून बसले होते.

"तवा वाटलं," ते म्हणाले. "दोन-चार दिवस तं तुमची स्कूटी आली असती तर ब्रेक ढिले करून ठेवले असते."

"आणि आता?"

"आता दहा पोट्टे आहेत. एकेकाचा हात धरून शिकवता येते." मग डोकं बाहेर काढून म्हणाले, "आणि तुम्ही."

फोटोचं काय केलं ते मी विचारलं नाही. तिथे आता एका टायर कंपनीचं कॅलेंडर आहे. पण उस्तादांचा एक छोटा फोटो त्यांच्या पाकिटात असतो, तो तसाच आहे. मला एकदा दाखवला होता. साधा माणूस, स्वेटर घातलेला, कॅमेऱ्याकडे थोडा घाबरून बघणारा.

या वर्षी मार्चमध्ये सरांनी स्वतःच्या सहीची पहिली परीक्षा घेतली. बाहेरून कोणी आलं नाही. शाळेचे मुख्याध्यापक खुर्चीवर बसले आणि जाऊबाई तुरीचं काम संपलं म्हणून बघायला आल्या. दहा पोरं एकेक करून पुढे आली. तिसरीतली मुलगी नारिंगी बेल्टला बसली आणि पास झाली. मी पिवळ्याला बसले होते. वीस हालचालींचा एक क्रम करून दाखवायचा होता. अकराव्या हालचालीला डावीकडे वळायचं, मी उजवीकडे वळले आणि मुख्याध्यापकांसमोर जाऊन त्यांनाच एक मूठ दाखवून उभी राहिले. तिथून पुढचं सगळं चुकतच गेलं.

सरांनी वहीत लिहिलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. माझ्या नावापुढे नापास.

"सर," मी म्हटलं, "एक वळण तर चुकलं."

"तीन चुकले," ते म्हणाले. "जूनमध्ये पुन्हा बसा."

जाऊबाईंनी मागून सांगितलं की चार चुकले. जूनसाठी मी रोज पोस्टातून घरी आल्यावर गच्चीवर तो क्रम करते. आमचे हे खाली अंगणात खाट टाकून पडलेले असतात. माझा पाय अकराव्या हालचालीला कुठे वळला, ते त्यांना आवाजावरून कळायला लागलं आहे. चुकलं की ते खालूनच एसटीच्या घंटीची दोरी ओढल्यासारखा आवाज काढतात, आणि मी पहिल्यापासून सुरू करते.